दगडी मेजावरची तेरा माणसं

तिकीट फाडणारा हात अर्ध्यावरच थांबला.

खिडकीपलीकडच्या मुलीने कान टवकारले. बागेच्या बाजूने कुणीतरी रेतीवरून धावत येत होतं. पुढच्याच क्षणी कमानीतून गाईड आला. तोंडाचा रंग उडालेला, टोपी हातात.

"पक्षी गेला," तो धापा टाकत म्हणाला. "गुहेतला चांदीचा पक्षी. आणि साहेबांनी तुझ्या बाबांना कचेरीत बसवून ठेवलंय. दारावर पहारेकरी आहे."

मुलगी उठली. तिकिटांचं पुस्तक खाली पडलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"आमची दोन तिकिटं," रांगेत पहिले उभे असलेले गृहस्थ म्हणाले. "सुट्टे दिलेत मी."

"भावजी," त्यांच्या शेजारच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तिकिटं राहू द्या." मग त्या खिडकीशी वाकल्या. "बाळ, मी खासगी तपास करते. वीस वर्षं झाली. तुझी हरकत नसेल तर मी आत येते."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. पिकलेले केस, जाड काचांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. तपास करणारी माणसं अशी दिसतात यावर तिचा विश्वास बसला नसावा. पण विचारायला दुसरं होतं कोण?

"बाबांनी चाळीस वर्षं इथली कारंजी सांभाळली," ती म्हणाली. "महिनाअखेर ते निवृत्त होतात. त्यांच्या जागी माझी नेमणूक व्हायची आहे. आज दुपारी साहेब कागदावर सही करणार होते. आता चोराच्या मुलीच्या हातात किल्ल्या कोण देईल?"

"पोलीस?"

"चारला येतील. तालुक्याहून निघालेत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

सगळे त्यांना 'बाई' म्हणत. 'वहिनी' म्हणणारे एकटे भावजी. ते त्यांचे धाकटे दीर, टपालखात्यातून निवृत्त झालेले. वहिनी जातील तिथे ते छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन जात. आज तर राजवाडा पाहायला म्हणून दोघं मुद्दाम निघाली होती.

"सुट्टीचा दिवस आहे, वहिनी," ते कमानीतून जाताना पुटपुटले.

"त्या म्हाताऱ्याचा नाही."

*

राजवाडा तीनशे वर्षांपूर्वीचा. बांधणारा राजा थट्टेखोर होता. पाहुण्यांना जेवायला बोलवायचा आणि ऐन गप्पांत त्यांना चिंब भिजवायचा. टेकडीवरच्या तलावातून पाणी उतारानेच खाली येई. पंप नाही, वीज नाही. पायऱ्यांतून, पुतळ्यांच्या नाकांतून, बसायच्या जागांतून पाणी उसळे. ती सगळी करामत अजून जशीच्या तशी चालू होती. लोक तिकीट काढून भिजायला येत.

कचेरीपुढच्या ओसरीत आज कुणी हसत नव्हतं. एका कारखान्याच्या कचेरीतली दहा माणसं सहलीला आली होती. त्यांतली नऊ जणं अंगणात उन्हाला पाठ करून उभी होती. ओसरीत एका लांब बाकाभोवती तिघं ताटकळत होती: सहलीतले हेडक्लार्क, एका आजारी म्हातारीची सून, आणि काखेत नकाशांची नळी धरलेले एक प्रोफेसर.

"बसू नका," व्यवस्थापक दारातून म्हणाले. उंच, इस्त्रीचा माणूस. "बाक राजाच्या वेळचा आहे. ओल्या कपड्यांनी लाकूड फुगेल."

"मग काय चारपर्यंत बगळ्यासारखं उभं राहायचं?" हेडक्लार्क कुरकुरले. "खालून असा भिजलोय की मांड्या चिकटल्यात. केस तेवढे कोरडे."

भावजींना दया आली. त्यांनी वर्तमानपत्र सोडवलं आणि बाकावर एकेक पान जाड घडी करून ठेवलं. पहिल्यावर सून बसली, दुसऱ्यावर हेडक्लार्क. तिसरं पान शब्दकोड्याचं होतं. ते भावजींनी क्षणभर हातात घोळवलं, निम्मंच सुटलं होतं.

"बसा, प्रोफेसर," ते शेवटी म्हणाले. "पण जास्त हलू नका. कोडं आहे."

प्रोफेसर ओशाळून हसले. त्यांच्या केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं, कोटाचे खांदे काळे पडले होते. चष्मा पुसायला कोरडा रुमालही त्यांच्याकडे नव्हता. भावजींनी आपला दिला.

वहिनी कचेरीत गेल्या.

खिडकीजवळच्या खुर्चीत कारंजेवाले बाबा बसले होते. हात मांडीवर, नजर जमिनीकडे. कपडे कोरडे. ओठ किंचित हलत होते. देवाचं नाव चाललं असावं.

"आपण कोण, हे मुलीनं सांगितलं," व्यवस्थापक म्हणाले. "मला आनंद वाटत नाहीये, बाई. पण हिशेब सरळ आहे. साडेबाराला तेरा माणसं आत आली. मेजाभोवती बारा दगडी बैठका आणि यजमानाची एक खुर्ची. सगळ्या भरल्या. गाईडने गोष्ट सांगितली, टाळी दिली, बाबांनी झुडपांमागून झडप उघडली. बैठकांतून पाणी उसळलं, पळापळ झाली. पाच मिनिटांनी सगळे गुहेशी गेले, तर पक्षी जागेवर नाही."

"गुहेच्या दाराला काय आहे?"

"पाण्याचा पडदा. वरून अखंड पडतो. तो थांबवायची किल्ली फक्त बाबांकडे. दुसरा कुणी आत गेला तर चिंब होऊन बाहेर येणार."

"पण तिथे तर सगळेच चिंब होते."

"मेजावर भिजले म्हणून. जो भिजला तो मेजावर होता, आणि जो मेजावर होता तो गुहेत नव्हता. खुर्चीतल्या आजी आणि गोष्ट सांगणारा गाईड सोडले, तर कोरडा एकच माणूस." त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. "खरं तर हे मला सुचलं नव्हतं. प्रोफेसरांनी लक्षात आणून दिलं."

"झडती घेतली?"

"सगळ्यांची. पिशव्या, खिसे, प्रोफेसरांची नळीसुद्धा. झुडपं धुंडाळली, हौदात बांबू फिरवले. पक्षी केवढा, मुठीएवढा. नळीवर नुसता बसवलेला असतो, उचलला की निघतो."

वहिनी बाबांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"बाबा, झडप उघडल्यावर तुम्ही कुठे होतात?"

"झडपेपाशीच. तिथून मेज दिसत नाही, बाई. टाळी ऐकायची, उघडायचं. लोक हसायचे थांबले की बंद करायचं."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

"वरच्यानं."

व्यवस्थापकांनी सुस्कारा सोडला.

"आज रोजच्यापेक्षा काही वेगळं केलंत? कुठे काही हलवलं, बदललं?"

बाबांची नजर दाराकडे गेली. तिथे मुलगी उभी होती. मग नजर भिंतीवर गेली, तिथे चौकटीत एक टंकलिखित हुकूम लावला होता. 

"नाही," ते म्हणाले. "साहेब, मला एकदा बागेत फेरी मारू द्या. दर टोळीनंतर मारतो मी. पाणी कुठे अडलं, कुठे बदललं, बघावं लागतं."

"पोलीस येईपर्यंत नाही."

वहिनी उठल्या आणि भिंतीवरचा हुकूम वाचला. 'कोणत्याही कारंजात, बैठकीत वा झडपेत कर्मचाऱ्याने स्वतःच्या मर्जीने फेरफार केल्यास त्यास सेवेतून कमी केले जाईल.' खाली व्यवस्थापकांची सही.

*

"मी सांगतो तुम्हाला," हेडक्लार्क बाहेर म्हणाले. "दरवेळी गाईड टोळीतल्या एकाला राजा करतो म्हणे, खुर्चीत बसवतो. ती जागा कोरडी राहते. माझ्या हाताखालची माणसं म्हणाली, साहेब, तुम्हीच बसा. मी निघालोसुद्धा होतो. तेवढ्यात त्यानं त्या आजींना बसवलं."

"तुम्ही कुठे बसलात?"

"आजींच्या डाव्या हाताला दुसरा."

"आणि तुमच्या आणि आजींच्या मध्ये?"

हेडक्लार्कनी डोकं खाजवलं. "कोण बरं. मी दुसरीकडे तोंड करून बसलो होतो, आमच्या मंडळींचा फोटो काढत. मग खालून जो फवारा आला, बाई, माणसाला आई आठवते. कोण कुठे होतं ते देवाला माहीत."

"मी होतो," बाकावरून प्रोफेसर म्हणाले. "आजींच्या डाव्या हाताची पहिली बैठक. मी शेवटी बसलो, तीच रिकामी होती. बसतोय न बसतोय तोच पाणी."

"या बागेची तुम्हाला चांगली माहिती दिसते."

"वीस वर्षं अभ्यास करतोय. तो पक्षी पाण्याच्या दाबावर तीन वेगवेगळे सूर गातो, कसा ते अजून कुणाला कळलेलं नाही. त्याच्या पोटात काय आहे ते पाहू द्या म्हणून कचेरीला सात अर्ज केले. सातही नामंजूर." ते किंचित हसले. "आता काय पाहणार. या आठवड्याचा चित्रं काढायचा परवाना आहे माझ्याकडे. उद्या येईन, रिकामी नळी काढेन."

"बाबांशी कधी बोललात त्याबद्दल?"

"कारंजेवाल्याशी?" प्रोफेसरांना प्रश्नच कळला नसावा. "त्यांचा काय संबंध? ते झडपा फिरवतात."

आजी तिकिटाच्या खोलीत आराम करत होत्या. अंगावर शाल, डोळ्यांत मिश्किली, आणि दर दोन वाक्यांमागे छातीतून येणारा खोकला.

"सून नको म्हणत होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मरायच्या आधी राजाचं घर बघू दे. आणि काय सांगू, मला तर राणीसारखं ठेवलं सगळ्यांनी. त्या पोरानं खुर्ची दिली. त्याच्या आधी, दारात खोकत होते तेव्हा, ते म्हातारे बाबा कानाशी येऊन म्हणाले, 'खुर्चीच्या डाव्या हाताला पहिल्या दगडावर बसा, आजी. दुसरीकडे कुठे बसू नका.' मी हो म्हटलं. पण पुढे खुर्चीच मिळाली, मग दगडावर कशाला बसू?"

"बाबांना कळलं का, तुम्ही दगडावर बसला नाहीत ते?"

"कसं कळणार? ते होते झुडपामागे." आजींनी वहिनींचा हात धरला. "त्यांच्यावर आळ आलाय म्हणे. असं जपणारं माणूस चोरी करत नाही हो."

"मलाही तसं वाटतं," वहिनी म्हणाल्या. "पण मला वाटून पोलीस ऐकणार नाहीत."

*

बागेत त्यांच्याबरोबर गाईड आला. भावजींनी छत्री उघडली.

"ऊन नाही एवढं."

"पाण्यासाठी, वहिनी. इथे कोण कुठून उडवेल, नेम नाही."

मेज लांबलचक, एकाच दगडातून कोरलेलं. बारा बैठका म्हणजे बसके दगडी खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर बशीसारखी खोबण आणि मधोमध अंगठ्याएवढं भोक. खोबणींत अजून पाणी साचलं होतं. वहिनी एकेका बैठकीत बोट बुडवत पुढे गेल्या. खुर्चीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बैठकीपाशी त्या थांबल्या. तिथे नुसते शिंतोडे होते.

त्यांनी केसांतली पिन काढली आणि त्या भोकात घातली. ती अर्धा बोटभर आत जाऊन अडली. शेजारच्या बैठकीत तीच पिन पूर्ण गेली. पिन परत केसांत खोचून त्या चालू लागल्या.

"काय मिळालं?" भावजींनी विचारलं.

"एका म्हाताऱ्याचं मन."

भावजींनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण वहिनींबरोबर राहून त्यांना त्याची सवय झाली होती.

मेजापासून गुहेकडे जाणारी पायवाट तीसेक पावलांची. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झुडपं. मध्यावर एक दगडी बेडूक बसला होता, भोपळ्याएवढ्या तोंडाचा. शेजारी पाटी: 'बेडूक थुंकतो. सांभाळून जावे.' वाटेवर त्याच्यासमोर हिरव्या शेवाळाचा आडवा पट्टा पडला होता. कडेने तो उन्हात वाळू लागला होता.

"हा कुणाला सोडत नाही," गाईड सवयीने म्हणाला. पण त्याचं लक्ष नव्हतं. तो गुहेकडे पाहत होता.

भावजींनी छत्री ढालीसारखी आडवी धरली, श्वास रोखला आणि एकेक पाऊल टाकत पट्टा ओलांडला. काही झालं नाही. बेडकाच्या हनुवटीवरून पाण्याची बारीक रेघ ओघळत होती, तेवढीच.

"मला घाबरला," भावजी म्हणाले आणि छत्री मिटली.

वहिनी बेडकापाशी थबकल्या. "दिवसभर चालू असतो हा?"

"सकाळी आठपासून. सगळ्यांचं पाणी आठलाच सुटतं, नुसतं मेज तेवढं टाळीवर," गाईड म्हणाला.

गुहेच्या दारात पाण्याचा पडदा सरळ वरून खाली कोसळत होता. आत अंधुक उजेडात दगडी फांदी आणि तिच्यावर रिकामी नळी. नळीतून पाणी नुसतं बुडबुडत होतं. वहिनींनी हात पुढे केला. पाणी वरून हातावर आदळलं, आणि बाही वरच्या बाजूने भिजली.

"तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा लोकांकडे तोंड असतं तुमचं?" त्यांनी गाईडला विचारलं.

गाईड घुटमळला. "राजवाड्याकडे. हात करून दाखवतो, इथून राजा यायचा वगैरे. लोकही तिकडेच बघतात. मग मी न वळताच टाळी देतो. वळलो की त्यांना संशय येतो ना."

"म्हणजे तेरा माणसं मेजावर बसलेली तुम्ही पाहिली नाहीत."

"नंतर मोजली. गुहेशी. तेरा होती."

परत येईतो तीन वाजले होते. ओसरीतला बाक रिकामा होता, मंडळी अंगणात उतरली होती. भावजी आपली पानं गोळा करू लागले. पहिलं उचलताना हातातच फाटलं, दुसऱ्याचा लगदा झाला होता.

"चला, कोडं तरी वाचलं," ते म्हणाले. तिसऱ्या पानावर कडेला चार थेंब होते, एवढंच. त्यांनी तिथेच पेन्सिल काढली.

वहिनींनी ते पान त्यांच्या हातातून घेतलं, घडी केली आणि पिशवीत ठेवलं.

"वहिनी, सात अक्षरी शब्द आत्ता सुचला होता."

"अजून तासाभराने सुचू द्या."

*

साडेतीनला सगळी माणसं मेजाभोवती उभी होती. व्यवस्थापकांनी नाराजीनेच परवानगी दिली होती. बाबा पहारेकऱ्याजवळ उभे होते. मुलगी झुडपांमागे, झडपेपाशी.

"बसू नका," वहिनी म्हणाल्या. "साडेबाराला जिथे होतात त्या बैठकीच्या मागे दोन पावलं उभं राहा. आजी, तुम्ही खुर्चीमागे."

थोडा गोंधळ झाला. मग प्रत्येकाला आपली जागा सापडली. खुर्चीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बैठकीमागे प्रोफेसर उभे राहिले. बारा बैठका, बारा माणसं.

"हे कशासाठी?" व्यवस्थापक म्हणाले.

वहिनींनी टाळी वाजवली.

जमिनीखाली घरघर झाली, आणि दगडांतून पाणी उसळलं. पांढऱ्या, माणसाएवढ्या उंच धारा. सगळे मागे सरले. मग हळूहळू एकेकाची नजर एकाच ठिकाणी स्थिरावली.

धारा अकरा होत्या.

प्रोफेसरांसमोरचा दगड गप्प होता.

"बंद कर, बाळ," वहिनींनी हाक दिली. पाणी खाली बसलं. आता फक्त ठिबकण्याचा आवाज येत होता.

"या बैठकीत बूच आहे. लाकडी, कापड गुंडाळलेलं. पाण्याने फुगून घट्ट बसलंय. प्रोफेसर, तुम्ही इथे बसला होतात आणि इथेच चिंब झालात, असं म्हणालात."

प्रोफेसरांनी ओठ ओले केले. "बूच नंतर कुणी ठोकलं असेल."

"ते मी ठोकलं," बाबा म्हणाले.

मुलगी झुडपांमागून बाहेर आली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"दारात आजी खोकत होत्या," बाबा हळूहळू सांगू लागले. "खुर्ची दरवेळी कुणा धडधाकट माणसाला देतात. मला वाटलं, या भिजल्या तर रात्र काढणार नाहीत. म्हणून टोळी आत यायच्या आधी बूच ठोकलं आणि त्यांना तिथे बसायला सांगितलं. हुकूम आहे ते ठाऊक होतं, साहेब."

"आणि चोरी कळल्यापासून बाबा कचेरीत पहाऱ्यात आहेत," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे बूच साडेबाराच्या आधीचं. बाबांनी ही जागा आजींसाठी कोरडी केली, गाईडने आजींना खुर्ची दिली. दोघांनी एकाच म्हातारीला जपलं आणि एकमेकांना सांगितलं नाही. म्हणून हा दगड रिकामा राहिला. प्रोफेसर, सगळे राजवाड्याकडे बघत गोष्ट ऐकत होते तेव्हा तुम्ही गुहेत गेलात, आणि परत आलात तेव्हा पळापळ चालू होती. आपण कुठे बसलो होतो म्हणायचं? जी जागा कुणीच आपली म्हणणार नाही ती. जुन्या नकाशांत बारा ओल्या जागा आणि एक कोरडी असते, हे तुम्हाला पाठ. दुसरी कोरडी जागा कुठल्याच नकाशात नव्हती."

"माझे कपडे ओले होते. सगळ्यांनी पाहिलेत."

"ओले होते. पण कुठे?" वहिनींनी पिशवीतून घडी काढली. "मेजावर माणूस खालून भिजतो. हेडक्लार्कचे केस कोरडे होते, पण त्यांच्या खालच्या कागदाचा लगदा झाला. आजींच्या सूनबाईंच्या खालचं पान हातात फाटलं. तुमच्या केसांतून पाणी गळत होतं, खांदे भिजले होते, पण तुम्ही वीस मिनिटं बसलात त्या पानावरचं शब्दकोडं भावजींनी पुढे सोडवायला घेतलं. तुम्ही वरून भिजलात, प्रोफेसर. या बागेत वरून पाणी एकाच ठिकाणी पडतं. गुहेच्या दारात."

भावजी त्या पानाकडे बघतच राहिले.

"पण पक्षी?" व्यवस्थापक म्हणाले. "झडतीत काही निघालं नाही."

"तो बागेतून बाहेर गेलाच नाही. यांच्याकडे आठवडाभराचा परवाना आहे, सवडीने नेता आला असता. अडचण एकाच माणसाची होती. दर टोळीनंतर बाबा फेरी मारतात. कुठलं पाणी बदललं ते त्यांना लगेच कळतं. म्हणून कोरडा माणूस एकच आहे, हे यांनी तुमच्या कानावर घातलं. बाबा कोठडीत असते तर उद्या बेडूक का थुंकत नाही, हे कुणी विचारलं नसतं."

"बेडूक," गाईड म्हणाला आणि धावत सुटला.

 प्रोफेसर दगडाच्या कडेवर हात टेकून उभे होते. थोड्या वेळाने गाईड परत आला, छातीपासून गुडघ्यापर्यंत निथळत. दोन्ही हातांच्या ओंजळीत चांदीचा पक्षी होता.

"बेडकाच्या घशात बोळ्यासारखा बसवला होता," तो म्हणाला. "काढला आणि थुंकला माझ्यावर."

प्रोफेसर मटकन त्या कोरड्या दगडावर बसले.

"मला तो विकायचा नव्हता," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "एकदा उघडून बघायचं होतं. सूर कुठून येतो ते. मग मी परत ठेवला असता."

"आणि तोवर माझे बाबा?" मुलगी म्हणाली.



बाबा पुढे आले. त्यांनी गाईडच्या हातातून पक्षी घेतला, उलटा केला, शेपटीखाली अंगठ्याने दाबलं. पोटाची एक पाकळी अलगद उघडली. आत पितळेच्या तीन बारीक जिभा होत्या, एकीपेक्षा एक आखूड.

"दर सोमवारी शेवाळ काढायला उघडतो मी," ते म्हणाले. "कचेरीला सात अर्ज केलेत. मला एकदा विचारलं असतंत तर हातात दिला असता."

प्रोफेसरांनी त्या तीन जिभांकडे पाहिलं, आणि तोंड ओंजळीत झाकलं. चारला पोलीस आले तेव्हाही ते तसेच बसून होते. जाताना ते बाबांपाशी थांबले.  बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

*

गाडी गेल्यावर व्यवस्थापक कचेरीत न जाता मेजापाशीच उभे राहिले. खिशातून त्यांनी एक लिफाफा काढला. नेमणुकीचा कागद. मुलीने तो ओळखला.

"बाबा, चोरीचा आळ गेला. मी तुमची माफी मागतो," ते म्हणाले. "पण हुकूम मोडलात ते खरंच आहे. तुम्ही तर चाललातच. प्रश्न हिचा आहे." ते मुलीकडे वळले. "खरं सांग. किल्ल्या तुझ्या हातात आल्या आणि उद्या अशीच कुणी म्हातारी खोकत आली, तर काय करशील?"

बाबांनी मान किंचित हलवली, नको म्हणून.

मुलीने ते पाहिलं. तिने हात पाठीमागे घेतले.

"बूच ठोकेन, साहेब."

"हुकूम असला तरी?"

"असला तरी. सही नका करू मग. पण आत्ता खोटं बोलून किल्ल्या घेतल्या तर बाबांना तोंड कसं दाखवू?"

 आजी खोकल्या. सुनेने त्यांची शाल सारखी केली. मग व्यवस्थापकांनी लिफाफ्यातला कागद काढला, दगडी मेजावर ठेवला, आणि ओल लागून शाई पसरायच्या आत घाईघाईने सही केली.

"हुकूम उद्या बदलतो," ते म्हणाले. "बूच ठोकायचं तर गाईडला सांगून ठोकायचं, एवढं एक घालतो त्यात."

मुलीने कागद घेतला नाही. ती बाबांच्या पायांशी वाकली. बाबांनी तिला वरच्यावर उचललं आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला.

कमानीशी शेवटची टोळी खोळंबली होती. वहिनी आणि भावजी तीत होते, या वेळी तिकीट काढून. गाईडने सगळ्यांना मेजापाशी आणलं, बसवलं, आणि एक बैठक उरली.

"बाबा, या," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षांत कधी बसलात?"

"कधीच नाही. झडप कोण उघडणार?"

"आता आहे की उघडणारी."

बाबा संकोचले, मग अंग चोरून दगडावर टेकले. गाईडने राजवाड्याकडे तोंड करून गोष्ट सुरू केली. बाबांना ती अक्षर न् अक्षर पाठ होती, तरी ते लहान मुलासारखे ऐकत होते. टाळी वाजली.

बाबांच्या खालची धार साऱ्या मेजात सगळ्यांत उंच गेली. ते उडून उभे राहिले, टोपी कुठे गेली कळलं नाही, आणि केसांपासून टाचांपर्यंत निथळत असे हसत सुटले की झुडपांमागे मुलीलाही हसू आवरेना. पोरीने झडप अंमळ जास्तच फिरवली होती.